हात हलवायची खिडकी

४ फेब्रुवारी, सोमवार

चिवचिव आज ‘पाणी’ हा शब्द विसरली, म्हणून ही वही काढली. नुसतं डोक्यात ठेवलं तर उद्या मीच माझी समजूत घालीन की तसं काही झालंच नव्हतं.

चिवचिव म्हणजे बल्बच्या कारखान्यातल्या पॅकिंगवालीची मुलगी. चौथं लागलंय. खरं नाव वेगळं. पण दारात सुरू झालेली बडबड संध्याकाळी आई न्यायला येईपर्यंत थांबायची नाही, म्हणून मीच हे नाव ठेवलं. आज नळाकडे बोट दाखवून उभी राहिली. मी म्हटलं, तोंडानं सांग. ओठ हलले, शब्द आला नाही. पुन्हा बोट. मग रडायला लागली. तोंडानं मागितल्याशिवाय काही द्यायचं नाही, हा आमच्या बालवाडीचा नियम. आज मोडला.

धाकट्या बाई – माझ्या मदतनीस, मुलं त्यांना धाकट्या आणि मला मोठ्या म्हणतात – म्हणाल्या, “तुमच्या धाकानं वाचा बसली असेल. माझीही बसते अधूनमधून.”

मला हसू आलं नाही.

७ फेब्रुवारी, गुरुवार

संस्थेचे कार्यवाह आले होते. शेजारची खोली मंजूर होणार! महिनाअखेर तपासणी, ती झाली की आणखी मुलं घेता येतील. फाटकाशी रोज कुणीतरी उभी असतेच. कालच्या बाईनं सांगितलं, मुलाला पलंगाच्या पायाला ओढणीनं बांधून कामावर जाते. “दोरी नाही हो, मऊ ओढणी,” हेही सांगितलं.

कार्यवाहांना खिडकीची फार हौस. “बाई, ही तुमची खिडकी आपल्या सगळ्या शाखांत करायची.” माझीच पद्धत ती. सकाळी मूल बाकावर चढतं, खिडकीच्या फळीवर हनुवटी टेकतं, आणि आई वळणाआड जाईपर्यंत हात हलवतं. वळणावर थांबून आईनंही एकदा हात हलवायचा. मग मूल खाली उतरतं. रडारड नाही. इतकी वर्षं चाललंय.

तपासणीसाठी गेल्याच महिन्यात त्या खिडकीचा जुना रंग खरवडून घेतला. ठोंब्यानं खरवडला. ठोंब्या म्हणजे माझा मुलगा. अडतीस वर्षांचा घोडा. शाळेत टिकला नाही, नोकरीत टिकला नाही, डोकं दुखतं म्हणून बसून राहतो. खिळे ठोक, रंग खरवड, एवढं जमतं. इतरांची पोरं मी घडवली आणि घरात हे. दिव्याखाली अंधार – लोक तोंडावर म्हणत नाहीत, इतकंच.

नवा रंग अजून आणायचाय.

११ फेब्रुवारी, सोमवार

वर्ग शांत होता. मला शांतता आवडते. आजची नाही आवडली.

शिंप्याचा मुलगा ठोकळ्यांचा मनोरा रचायचा. आज दुसऱ्या ठोकळ्यावर थांबला आणि हातातल्याकडे बघत बसला. दोन मुलींचं पोट दुखतंय. जेवणाचे डबे अर्धे परत. धाकट्या बाई म्हणाल्या, “दृष्ट लागल्यासारखा झालाय वर्ग.” मी त्यांना झापलं. नंतर त्यांच्याइतकीच भीती मलाही वाटली.

चिवचिवला आईसोबत डॉक्टरांकडे घेऊन गेले. पॅकिंगवालीचा अर्ध्या दिवसाचा खाडा. डॉक्टर तरुण आहे, पण ऐकून घेतो. विचारलं, “माती खाते? भिंत चाटते?”

“आमच्याकडे मुलं भिंती चाटत नाहीत,” मी म्हटलं.

“बरं,” म्हणाला, आणि रक्त घेतलं.

१४ फेब्रुवारी, गुरुवार

शिसं. चिवचिवच्या रक्तात शिसं निघालं.

डॉक्टरनं बसवून सांगितलं. जुन्या रंगांत असायचं. चवीला गोडसर. लहान मुलाच्या पोटात गेलं की मेंदूपर्यंत पोचतं. पोट दुखतं, भूक जाते, कधी आलेलं बोलणं मागे जातं. पुढे डोकेदुखी, चिडचिड, कशात लक्ष न लागणं, एका जागी न टिकणं. “थोडं भरून येतं. सगळं येईलच असं नाही. जुना रंग कुठे खरवडला होता का?”

मी उठले, सरळ बालवाडीत गेले.

बालवाडी सुटलेली होती. बाकापुढे गुडघे टेकून हनुवटी फळीवर ठेवली. इतक्या वर्षांत मुलांच्या उंचीवरून ही फळी मी कधी पाहिली नव्हती. फळीच्या कडेवर दात उमटलेत. या टोकापासून त्या टोकापर्यंत. नवे, जुने, रंगाखाली बुजलेले आणि आता उघडे पडलेले. बारीक बारीक, उंदरांनी कुरतडल्यासारखे.

आई वळणाकडे चालत जाते. रडायचं नाही, असं मोठ्या बाईंनी सांगितलेलं. मग मूल काय करणार? चावणार.

१५ फेब्रुवारी, शुक्रवार

खिडकीला पडदा लावला. सकाळभर रडण्याचा कल्लोळ. आया वळणावर थांबून हात हलवत राहिल्या – पडद्याला.

कार्यवाहांना सांगितलं. ते खुर्चीतून उठलेही नाहीत. “बाई, रंग कुठे नसतो? आपण नाही का भिंती चाटत मोठे झालो?”

“त्याचाच परिणाम दिसतोय,” म्हटलं.

हसले. मग आवाज खाली आणून – “तपासणी होऊ द्या. फळीवर प्लास्टिक ठोका. आत्ता बोललात तर नवी खोली गेलीच, ही पण सील होईल. मग तुमच्या त्या आया काय करतील? पलंगाला बांधतील.”

माझं दुखरं ठिकाण त्यांनी नेमकं शोधलं. “विचार करते,” म्हणून निघाले. रस्ताभर त्याच दोन शब्दांची लाज वाटत होती. पण खोटं बोलले नव्हते. खरंच विचार करत होते.

१६ फेब्रुवारी, शनिवार

शिंप्याच्या मुलानं आज धाकट्या बाईंना ओळखलं नाही. क्षणभरच. तो क्षण पुरला.

१८ फेब्रुवारी, सोमवार

आयांना थांबवून सगळं सांगितलं. आडपडदा न ठेवता. आरडाओरडा होईल म्हणून तयारीनं उभी होते. कुणी ओरडलं नाही. ते जास्त वाईट.

पॅकिंगवाली एवढंच म्हणाली, “म्हणजे मी वळणावर उभी राहून हात हलवत होते, आणि ती इकडे...”

मागून एकजण – “आता आमची पोरं ठेवायची कुठे, तेही सांगा की. खरं बोलून तुम्ही मोकळ्या.”

उत्तर धाकट्या बाईंनी दिलं. “माझ्या घरी दोन खोल्या आहेत. म्हातारे सासरे आहेत, ते रागावतील. रागावू देत, तसेही रागावलेलेच असतात.”

सगळी मुलं मावणार नाहीत. कोणती मावतील ते मला ठरवायचंय. पलंगाला बांधलेलं मूल तर यादीतच नाही.

१९ फेब्रुवारी, मंगळवार

आरोग्य खात्याला कळवलं. फळी काढून तपासायला पाठवा, म्हणाले. ठोंब्याला बोलावलं. डॉक्टरनं सांगितल्याप्रमाणे तोंडाला फडकं बांधून, लाकूड ओलं करून तो कापत होता. मी मागे उभी राहून सूचना देत होते. नीट धर. धूळ उडवू नकोस. एवढंही समजत नाही?

मध्येच थांबला. कडेवरून अंगठा फिरवत राहिला.

“आता काय झालं?”

“आई, हा माझा.”

“काय तुझा?”

“दात. या बाकावरून पडलो होतो ना मी, पुढचा अर्धा तुटला होता. हे बघ, अर्धाच उमटलाय.” बोलताना त्याला गंमतच वाटत होती. “तू कॉलेजला जायचीस. वळणावर थांबायचीस. मी एकदाही रडलो नाही, आठवतंय?”

आठवतंय. त्याला याच बालवाडीत सोडून बालशिक्षणाच्या पदवीसाठी जायचे. ही पद्धत मला तेव्हाच सुचली. पहिल्यांदा त्याच्यावरच वापरली.

“काप,” म्हटलं. आवाज नेहमीसारखाच निघाला.

२१ फेब्रुवारी, गुरुवार

आज सुपूर्द केलं, ते असं.

आरोग्य खात्याकडे – खिडकीची फळी एक, तुकडे करून. खरवडलेल्या रंगाची पुडी. सर्व मुलांच्या रक्ततपासणीसाठी आयांची संमती, सह्यांसह.

कार्यवाहांकडे – बालवाडीच्या किल्ल्या. मोजून घेतल्या. माझ्याकडे पाहिलं नाही.

डॉक्टरांकडे – माझा मुलगा. वय अडतीस. डॉक्टर म्हणाला, “इतक्या वर्षांनी रक्तात सापडेलच असं नाही, बाई. असेल तर हाडांत असेल.” म्हटलं, तरी घ्या.

नर्सनं मला बाहेर थांबायला सांगितलं. दारात मुलाकडे वळून पाहिलं. त्यानं हात हलवला.