जावयाच्या पगाराचा आकडा

श्रीमान ज्येष्ठ शालकमहाराज यांच्या सेवेशी,

(‘चरणी’ लिहिणार होतो, परंतु जावयाने शालकाचे चरण धरणे अशोभनीय, म्हणून गुडघ्यांपाशी थांबलो आहे.) आपली प्रकृती उत्तम असावी. काल दुपारी आपणांस लागोपाठ शिंका येत होत्या, त्या एव्हाना शमल्या असतील. आमचेकडे सर्व क्षेम आहे, म्हणजे कोणी आजारी नाही. याहून मोठा दावा करण्याचे त्राण उरलेले नाही.

आपल्या कृपेने आपल्या गाद्यांच्या दुकानात मला नोकरी लाभली, त्यास आता महिना होत आला. गिऱ्हाइकासमोर गादीवर आडवे होऊन मुखावर परमसुखाचा भाव धारण करणे, हे माझे कार्य. ऐकणाऱ्यास हेवा वाटतो. परंतु दादा, विश्रांती आणि विश्रांतीचे प्रदर्शन यांत, जेवण आणि नाटकातले जेवण यांत असते तेवढेच अंतर आहे. दिवसभर कठीण, मध्यम आणि मऊ अशा तिन्ही अवस्थांतून तृप्तीचे सुस्कारे सोडल्यावर सायंकाळी मला गादी नुसती दिसली तरी थकवा येतो. घरी मी खुर्चीत झोपतो. (घरची गादीही आपल्याच दुकानची, तिच्या गुणांविषयी पुन्हा केव्हातरी.)

आता मूळ विषयाकडे सरकतो. माझ्या बेकारीच्या पर्वात आम्हांस सरकारी कुटुंबभत्ता सुरू झाला, हे आपण जाणताच. मुलांचे दूध आणि शाळेच्या बसचे भाडे यांचा तोच एकमेव आधार. मात्र नियम असा की, नोकरी लागली वा उत्पन्न बदलले की तत्काळ कळवावे. लपवल्यास दिलेले सारे वसूल होते. मी पडलो नियमभीरू. (सध्या मी बहुधा पडलेलाच असतो.) इस्त्रीचा सदरा परिधान करून कार्यालयात उपस्थित झालो, आणि जणू पुरस्कार स्वीकारण्यास आलो आहे अशा थाटात खिडकीतल्या बाईंना नोकरीची वार्ता दिली.

“काम काय करता?” त्यांनी विचारले.

“शयन,” मी म्हणालो. “म्हणजे, गादीवर पडून राहतो.”

बाईंनी चष्म्यावरून पाहिले. “काका, नोकरी लागल्याचं सांगायला आलात की गेल्याचं?”

तो प्रश्न कसाबसा निस्तरला. पुढचा मात्र निस्तरेना: पगार किती? आणि त्या क्षणी मला साक्षात्कार झाला की, हे मलाही ठाऊक नाही. नोकरी देतेवेळी मी घसा खाकरून “आणि दादा, ते बाकीचं कसं?” असे चाचपून पाहिले होते. आपण दोन्ही कानांना हात लावलेत. “दाजी, जावयाला पगार? लोक तोंडात शेण घालतील माझ्या! तुम्ही घरचे. काही कमी पडू देईन का?” आपण जावयाचा एवढा मान राखलात, की माझे डोळे पाणावले. तेच उद्गार मी बाईंना अक्षरशः ऐकवले.

“‘काही कमी पडू देईन का’ म्हणजे किती?” त्या म्हणाल्या. “आकडा सांगा.”

मागे रांग खोळंबली होती. “अहो, सांगून टाका की! जेवणाची सुट्टी होईल यांची,” कोणीतरी ओरडले. आता परक्या मंडळींसमोर सासरची अब्रू काढायची कशी? मी छाती काढून म्हणालो, “आमचे शालक अत्यंत सढळ हाताचे आहेत.” बाईंनी ‘सढळ’ या विशेषणाचे अंकांत भाषांतर केले आणि दुकानातल्या नोकराचा वरच्यात वरचा पगार मांडला. भत्ता बंद झाला. अशा रीतीने उत्पन्न वाढल्यामुळे आमच्या घरात पैसे येणे थांबले आहे.

बसवाल्याने सोमवारपर्यंतची मुदत दिली आहे. दूध पांढरे आहे, एवढेच त्याच्याविषयी म्हणता येईल. काल धाकटी म्हणाली, “बाबा, झोपायचे पैसे मिळतच नसतील तर घरीच झोपा की.” युक्तिवाद निर्दोष आहे, मी खंडन शोधतो आहे.

बाई मात्र मनाने भल्या. निघताना म्हणाल्या, “काका, मालकाकडून खरा आकडा शिक्क्यानिशी लिहून आणा, मी पुन्हा हिशोब लावते.” तेव्हा प्रार्थना एवढीच, की आकडा लिहून द्यावा. लहान असला तर उरलेले सरकार देईल, मोठा असला तर आपण द्याल; पण तो असावा.

आपला आज्ञाधारक,
मध्यम-कठीण जावई

ता. क. : हे पत्र आपल्याच दुकानात, खिडकीशेजारच्या मऊ गादीवर पालथे पडून लिहीत आहे. मघाशी गल्ल्यावरून आपण “दाजी, काय लिहिताय एवढं?” म्हणालात, तेव्हा मी “गादीची स्तुती” असे उत्तरलो. तोंडाने विचारण्याचा धीर आजवर अनेकदा एकवटला. दर वेळी आपण माझ्यासाठी चहा मागवलात. पत्र आपल्या बशीखाली ठेवतो. उत्तर टपालाने दिलेत तरी राग नाही.

आणखी ता. क. : आपल्या भगिनीस आज सकाळी सर्व सांगितले. ती म्हणाली, “दादाला पत्रं कसली लिहिताय? मीच येते उद्या दुकानात.” दोन्ही मुलांसह येत आहे. तिचा आवाज आपण लहानपणापासून जाणता, आणि दुकानात त्या वेळी गिऱ्हाईक असतेच. म्हणून आकडा आजच लिहावा, हे मी आपल्याच हितासाठी सुचवतो. तोवर डोळे मिटून पडतो. कृपया चहा मागवू नये.