चपलेसाठी मागे वळलेली मुलगी

सिस्टर,

गेल्या महिन्याच्या नऊ तारखेला, मंगळवारी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी, आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरीच्या दारात एक मुलगी चपलांच्या ढिगावर पडली आणि तिच्या अंगावर अर्धा वर्ग पडला. ‘आमच्या’ म्हणते, पण मी तिथली कुणी नाही. साताऱ्याच्या सरकारी कचेरीतून निवृत्त होऊन वडूजला राहायला आले, आणि शेजारणींकडून त्यांच्या सुनांची गाऱ्हाणी ऐकत बसण्यापेक्षा बरं म्हणून जवळच्या गावात आठवड्यातून दोन दिवस फुकट इंग्रजी शिकवते. इंग्रजी तुमचंच, कॉन्व्हेंटात तुम्ही शिकवलेलं. पत्र मात्र मराठीत लिहिते आहे, कारण इंग्रजीत लिहिलं तर तुम्ही मजकूर सोडून लाल शाईनं चुका काढत बसाल.

झालं असं, की शेजारच्या खोलीत पोरांची खिचडी शिजत होती आणि गॅसच्या नळीनं पेट घेतला. स्वयंपाकाची बाई ओरडली, गुरुजी ‘पळा’ म्हणाले, पोरं पळाली. वर्गाला दार एकच, आणि दाराबाहेर चपला. इथं चपला काढूनच वर्गात जायचं असतं. मी पलीकडच्या चौथीतून बाहेर येते आहे आणि बघते आहे: मागून धूर, आणि उंबऱ्यावर एकापुढे एक वाकलेल्या पाठी. जो तो आपापली जोडी शोधतोय. ही मुलगी बाहेर पडली होती, चांगली दोन पावलं पुढे गेली होती. ती मागे वळली. बाईनं ओलं पोतं टाकून आग विझवलीसुद्धा, तोवर हिचा हात कोपरातून मोडला होता. आग विझवायचं लाल नळकांडं मुख्याध्यापकांच्या खोलीत होतं, खंडेनवमीला घातलेल्या झेंडूच्या वाळक्या हारासकट. त्याची दरवर्षी पूजा होते. ते चालतं कसं, हे कुणालाच माहीत नाही.

मी मुलीच्या घरी गेले. आईबाप मेंढरं घेऊन कोकणाकडे उतरलेले, घरी आजोबा एकटे. म्हाताऱ्यानं मला घोंगडं अंथरून दिलं आणि स्वतः खाली मान घालून बसला. “आवं बाई, पोरीचा काय दोष न्हाई. चप्पल नवी हुती. म्याच बोल्लो हुतो तिला, हारवून आलीस तर घरात घ्यायचो न्हाई. आता मला काय ठावं आग लागल म्हून?” मी म्हटलं, बाबा, तुमचाही दोष नाही. “मग कुनाचा हाय?” त्यानं विचारलं. “आता तिला साळंत धाडू का मेंढरामागं, तेवढं सांगा. मेंढरामागं चप्पल काढाय लागत न्हाई.”

कुणाचा, ते आठ दिवसांत तालुक्याहून लेखी आलं. विद्यार्थिनी स्वतःच्या निष्काळजीपणामुळे मागे वळल्याने तिला दुखापत झाली. आठ वर्षांची मुलगी आणि निष्काळजीपणा! कचेरीत जन्म घालवला मी, असली वाक्यं कशी जन्माला येतात ते मला ठाऊक आहे; पण तेव्हा ती पाणीपट्टीबद्दल असायची. मी मुख्याध्यापकांना म्हटलं, पोरांना चपला घालून वर्गात बसू द्या. ते म्हणाले, “बाई, भिंतीवर सरस्वतीचा फोटो आहे.” बरं, मग चपला दारापासून लांब, कुंपणाच्या भिंतीशी ठेवा. “तिथनं कुत्री नेतात.” फळी ठोका, मी पैसे देते. “तिथं पाहुण्यांच्या गाड्या लागतात.” मग मी तालुक्याला साहेबांकडे गेले. साहेब म्हणाले, “मॅडम, चपला कुठं ठेवायच्या याचं परिपत्रक आलेलं नाही.” मी म्हटलं, “साहेब, तुम्ही घरी कुठं ठेवता? का त्यासाठीही परिपत्रकाची वाट बघून तोवर हातातच धरता?” त्यांनी चहा मागवला. कचेरीत चहा मागवला की समजायचं, विषय संपला.

उपाय म्हणून त्यांनी शाळेत आपत्तीची रंगीत तालीम ठेवली. मांडव घातला, सिस्टर. पाहुणे तासभर बोलले, पोरं उन्हात. फोटोत घाण दिसू नये म्हणून सकाळीच सगळ्या चपला उचलून झेंड्याच्या खांबामागे नेल्या होत्या, त्यामुळे घंटा झाल्यावर पोरं अनवाणी, सुरेख रांगेत बाहेर आली आणि पाहुण्यांसमोर थांबून एका सुरात ‘नमस्ते’ म्हणाली. आग लागल्यावर आधी नमस्ते! पाहुण्यांना पुष्पगुच्छ द्यायला प्लास्टरवाल्या मुलीलाच उभं केलं होतं. टाळ्या झाल्या. दुसऱ्या दिवशी चपला परत दारात.

त्या मांडवात बसून मला तुमची आठवण आली, आणि ती प्रेमाची नव्हती. तुमच्या तालमीला मांडव नसायचा. पितळी घंटा हातात घेऊन तुम्ही अचानक वर्गात शिरायचात, आणि हातातली पेन्सिल टाकून आम्ही निघायचं. मी चौथीत होते. माझे वडील फौजेत होते. सुट्टीवर येताना त्यांनी आणलेला काळा बूट जिन्यात पायातून निसटला आणि मी तो घ्यायला वळले. तुम्ही सगळ्यांसमोर मला भिंतीशी उभं केलंत. तुमच्या मोडक्या मराठीत म्हणालात, “तू मेली. मेलेली मुलगी डबा खात नाही. मेलेल्या मुलीशी कोणी बोलत नाही.” आणि दिवसभर खरंच कुणी बोललं नाही. माझी जिवलग मैत्रीण माझ्याकडे न बघता शेजारून गेली. शाळा सुटल्यावर तुम्ही मला तुमच्या स्वयंपाकघरात नेलंत, पावावर पेरूची जेली लावून दिलीत, आणि मी रडत खाताना म्हणालात, “उद्या जिवंत ये.” ती जेली मला अजून आवडत नाही. पण त्या दिवसानंतर आयुष्यात मी कुठल्याही वस्तूसाठी मागे वळले नाही.

म्हणून परवा तिसरीतल्या माझ्या तासाला मी स्वतः तालीम घेतली. पाहुणे नाहीत, मांडव नाही, चपला जागच्या जागी दारात. मुलगी शाळेत आली होती, म्हाताऱ्याला मी सांगितलं होतं, “एकदा धाडून बघा, पुन्हा असं होणार नाही.” मी घंटा वाजवली. पोरं चपला तुडवून, हसत, ढकलत बाहेर पडली. सगळ्यांत शेवटी ती. उंबऱ्यात थांबली, प्लास्टरचा हात छातीशी धरून खाली बघू लागली. मी ओरडले, “सोड ती!” ती म्हणाली, “बाई, आजा घरात घ्यायचा न्हाई.” आता तुमचं वाक्य म्हणायचं होतं. मी ते घरून पाठ करून आले होते. पण जी एकदा खरोखर अर्ध्या वर्गाखाली गेली होती, तिला मी ‘मेलीस’ कशी म्हणू?

मग मी काय केलं ते ऐका, कारण हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. मी परत उंबऱ्यापर्यंत गेले, वाकले, तिची जोडी शोधून काढली आणि तिच्या पायात सरकवली. तुमच्या नियमानं त्या दिवशी दोघी मेलो.

तुम्ही देवाघरी गेलात, तिकडे पत्र नेणारी पेटी नाही, हे मला कळतं. तरी उत्तर हवं. चौथीतल्या पोरीला तो शब्द तुम्ही कसा म्हणू शकलात, आणि तो न म्हणता त्या मुलीला मागे वळू न देण्याचा दुसरा काही मार्ग तुम्हाला माहीत होता का. सोमवारी मी पुन्हा घंटा वाजवणार आहे. त्या दिवशी परिपाठ सुरू होण्याच्या आत लेखी कळवा. तोंडी चालणार नाही. तोंडी तुम्ही मला अजून रोज ऐकू येता.