भाऊजींचा शेवटचा रोल

ती. ताईस,

धाकट्याचा नमस्कार. (प्रकृती ठणठणीत आहे.) तुझे गुडघे कसे आहेत?

भाऊजी गेले आणि मागे राहिला तो त्यांचा शेवटचा रोल मी धुऊन देतो, असं तुझ्यापुढे छाती फुगवून बोललो खरा. फोटो धुण्यात जन्म गेला, त्यात काय एवढं, असं वाटलं. पण ही जुनी स्लाइड फिल्म जातीची हट्टी. इतर रंगीत फिल्मच्या पोटात रंगाची सोय आधीच असते. हिच्यात नुसते कृष्णधवल तीन थर, आणि रंग धुताना बाहेरून भरायचा. एका थराला खालून लाल उजेड दाखवायचा, दुसऱ्याला वरून निळा, आणि प्रत्येकाचं रसायन वेगळं. ती रसायनं करणारे केव्हाच दुकान बंद करून बसले. मी म्हटलं, मग आपणच पुन्हा सुरू करू. (हे बायकोने कपाळाला हात लावून ऐकलं.)

तेव्हापासून न्हाणीघर माझ्या ताब्यात आहे आणि घरातली माणसं अंघोळीला शेजारी जातात. आधी आमच्याच सहलीच्या, तसल्याच एका पडून राहिलेल्या रोलवर प्रयोग केला. घाईत लाल उजेड वरून पडला, निळा खालून. मी जांभळा आलो, बायको हिरवी. ती बराच वेळ स्लाइड खिडकीशी धरून बघत राहिली आणि म्हणाली, "माझं जाऊ दे. पण ताईंचा रोल एकच आहे."

त्या दिवसापासून झोप उडाली आहे. रोलची डबी उचलतो आणि परत ठेवतो. बिघडला तर दुसरा आणायचा कुठून? त्यात तुझी लेक सांगत होती, की तू येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतेस, आता ह्यांचा चेहरा पुन्हा बघायला मिळणार. ते ऐकलं आणि हे पत्र लिहायला बसलो.

तुझा,
धाकटा

ता. क. एक त्यातल्या त्यात खात्रीची वाट आहे. कृष्णधवल पद्धतीने धुतला तर चित्रं बहुतेक उमटतील; रंग मात्र कायमचे जातील. कसं करू?

ता. क. २. वरचं सगळं सोड. खरी भीती रसायनांची नाहीच. फोटो नेहमी भाऊजी काढायचे आणि कॅमेऱ्याला कुणाला बोट लावू द्यायचे नाहीत. रोलभर तूच असशील, ते स्वतः कुठेच नसतील. त्यांनी एकदा तरी कॅमेरा तुझ्या हातात दिला होता का, तेवढं आठवून कळव. तोवर मी डबी उघडत नाही.