पाचवी वायर

ताई, तुला नमस्कार आणि आईच्या पाया पडतो.

मी ठीक आहे. जेवण वेळेवर होतं, खोली कोरडी आहे, स्वेटर घालतो. तू विचारायच्या आधीच सांगून टाकलं.

मी मोटरी दुरुस्त करतो असं तू शेजारच्या काकूंना सांगतेस, ते चालेल. पण आमच्या मोटरला नेहमीच्या तीनऐवजी पाच फेज, म्हणजे वीज आणणाऱ्या पाच वायरी, असतात. विजेचे बारीक तुकडे पाडून कुठल्या फेजला किती रुंद तुकडा द्यायचा, ते माझा प्रोग्राम ठरवतो. एक फेज गेली, तर उरलेल्या चौघी भार वाटून घेतात आणि मोटर फिरत राहते.

परवा तसंच झालं. एक वायर सुटली आणि दुपारपर्यंत कुणाला पत्ताच नाही. आवाज तोच, वेग तोच. साहेब तर माझी पाठ थोपटून गेले. मी सहज मोटरच्या अंगावर हात ठेवला आणि चटका बसला. ती थांबू नये एवढंच मी पाहिलं होतं. वायर सुटल्याचं सांगणारा दिवा ठेवायचा राहूनच गेला. बोटाला फोड आलाय, म्हणून अक्षर असं. आईला सांगू नकोस.

तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही. मी इकडे आलो आणि आईला उठवणं-बसवणं तुझ्या एकटीवर पडलं. फोनवर तुझा आवाज मात्र तोच असतो. "इकडची काळजी करू नकोस" हेही रोज तसंच.

दादा येतो का गं मदतीला? तुझी कंबर कशी आहे? खरं काय ते लिही. इथून मला हात लावून बघता येत नाही.

तुझा,
धाकटा