ठिबक कुणाच्या रानात

१० जून
पूर्वसंमतीचा मेसेज आला. वाटणीत आलेल्या पैठणच्या दोन एकरांवर ठिबक. आधी आपण खर्च करायचा, मग अनुदान. गावातले लोक अनुदान उचलतात आणि पारावर तंबाखू मळतात. मी तसा नाही. माझा अभ्यास झालाय. यूट्यूबवर चार व्हिडिओ.

११ जून
गावाकडून थोरल्या भावाचा, रामकिसनदादाचा फोन. म्हणाला, आधी ये, बांध दाखवतो, वीस वर्षांत रानात पाय नाय ठेवला तू. मला बांध दाखवणार! ती काय अजिंठ्याची लेणी आहेत, गाइड घ्यायला? फोन ठेवला.

१४ जून
स्वयंपाकघरातल्या नव्या ओट्यासाठी साठवलेले नव्वद हजार तात्पुरते ठिबकला. बायको, करुणा, म्हणाली, पाच वर्षं मी ओट्याचंच ऐकतेय. म्हटलं, दिवाळीपर्यंत अनुदान येतं, मग ग्रॅनाइटच घालू. ती जुना ओटा पुसायला लागली. पटलं असावं.

२२ जून, रविवार. दु. १२
डीलरची माणसं घेऊन शेतावर. रस्त्याला लागून दोन रानं. एकात मोसंबी, एकात नुसत्या बाभळी. आपलं कोणतं, ते सांगायला नको. बाबांच्या वेळी बाग नव्हती. दादानं न सांगता लावली असावी. मनानं चांगला आहे.
शेजारचं बघवत नाही. मालक शहरात लोळत असणार, आणि वर अनुदानावर डोळा. असल्यांचे सातबारे जप्त करावेत. फोटो काढून ठेवला.
बागेत एक म्हातारी मजूर खुरपत होती. नाव मालनबाई. म्हणाली, सायेब, आमच्या रानात ह्या नळ्या कशापायी? मजूर असून ‘आमचं रान’ म्हणते. अशी माणसं आता मिळत नाहीत. सरकारी योजना आहे म्हणून सांगितलं आणि नळ्या अंथरायला लावल्या. पन्नास रुपये दिले, घेईना.

३० ऑगस्ट
अनुदान नाही. तपासणी प्रलंबित. साहेब लोकांना खुर्ची सोडवत नाही, बोगस लोकांना मात्र धडाधड मिळतं. बाभळीवाल्याचा फोटो जोडून तक्रार केली. नाव माहीत नाही, तुम्ही शोधा, असं लिहिलं.

६ ऑक्टोबर
तक्रारीचा दणका. उद्याच तपासणी. बाभळीवाल्यालाही बोलावलंय म्हणे. तोंड बघायचंय त्याचं. पांढरा शर्ट इस्त्री केला.

७ ऑक्टोबर
साहेबांनी मोबाइलवर नकाशा उघडला. म्हणाले, तुमचा गट नंबर हा नाही. म्हटलं, मोबाइल गंडला असेल. ते चालत राहिले, मी मागं. बाभळीत थांबले. म्हणाले, हा तुमचा.
रामकिसनदादा तिथंच उभा होता. म्हणाला, वाटणीत हेच रस्त्याकडचं पाहिजे म्हणून तूच भांडला होतास. बाग मालनबाईची. नवरा गेल्यावर एकटीनं वाढवली.
मालनबाई मला म्हणाली, तुमच्या नळ्या काढून न्या. साहेब बघत होते. म्हटलं, राहू द्या, सरकारी योजना आहे.
साहेबांचा शेरा: अर्जदाराच्या गटात ठिबक आढळलं नाही. जमीन पडीक. तक्रारीत तथ्य आहे.
आजवर माझा एकच अर्ज निकाली निघाला, तो हा.

८ ऑक्टोबर
करुणाला सांगितलं, पोर्टल बंद आहे.

२१ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन
दादा हर्सूलला आमच्या घरी आला. मालनबाईनं मोसंबीची पिशवी पाठवली होती. बरोबर निरोप, औंदा पाणी लई पुरलं, सायबाला सांगा. दादानं तो निरोप करुणालाच सांगितला. मग बाकीचंही सांगितलं.
करुणानं जुन्या ओट्यावर रस काढला. दादाला दिला, पोरांना दिला, स्वतः घेतला.
माझा ग्लास मांडलाच नव्हता.