हात लागण्याआधीचा खो

आई,

आज दुपारी प्रॅक्टिसला मुलांना सांगून टाकलं, की यापुढे मैदानावर कुणीही ‘खो’ म्हणायचं नाही. कुणी वाद घातला असता तर बरं वाटलं असतं, पण ही मुलं ‘येस सर’ म्हणतात आणि हेल्मेट चढवतात. तुला यातलं काहीच माहीत नाही. तू होतीस तेव्हा मी ऑफिसात कोड लिहायचो आणि शनिवारी हौस म्हणून लहान पोरांच्या टीमला मदत करायचो. तू थर्मॉसमध्ये चहा घेऊन बघायला यायचीस, ‘बॉल हातात धरून पळतात आणि म्हणे फुटबॉल’ अशी कुरकुर करायचीस आणि मॅच संपेपर्यंत जागची हलायची नाहीस. आता ती हौसच माझी नोकरी झाली आहे. इथल्या एका हायस्कूलच्या टीमचा डिफेन्स माझ्याकडे आहे. निदान हा सीझन संपेपर्यंत तरी आहे.

आमचं दुखणं असं, की आम्ही समोरच्याला पाडतो, पण बॉल काही मिळत नाही. पळणाऱ्याच्या काखेतला बॉल उडवून आपण घेतला, की सगळी मॅच फिरते. टर्नओव्हर म्हणतात त्याला. मोठ्या कोचनी सुरुवातीलाच मला बाजूला घेऊन सांगितलं, की या वर्षी डिफेन्सने बॉल मिळवायला हवेत, नाहीतर पुढच्या वर्षी त्यांना दुसरं कुणी बघावं लागेल. भला माणूस आहे, हे सांगतानाही माझ्या खांद्यावर हात होता. मग मी काय काय करून पाहिलं! ओले बॉल देऊन पळायला लावलं, बुक्की मारून बॉल उडवायचा सराव घेतला, व्हिडिओ दाखवून पोरांचं डोकं उठवलं. झालं एवढंच, की जो तो बॉलवरच झडप घालायला लागला. बॉल मिळेना आणि माणूसही निसटायला लागला.

मग एका सकाळी डबा भरताना चमच्यांच्या खणात हात घातला आणि तू आठवलीस. इथे आल्यावरच्या, प्लेनोच्या त्या पहिल्या अपार्टमेंटचं स्वयंपाकघर. पोळ्या झाल्या आहेत, ओटा पुसलेला आहे, आणि तू चमचे ओळीने मांडते आहेस, एकाचं तोंड इकडे, दुसऱ्याचं तिकडे. उद्या मंडळाची पिकनिक आहे आणि तिथे खो-खो होणार आहे, कारण साताऱ्याच्या शाळेत तू कॅप्टन होतीस आणि इथल्या पोरांना खो-खो येत नाही हे तुला अजिबात खपत नाही. तू एक लिंबू चमच्यांमधून पळवतेस. ‘हे बघ, बसलेल्याने आपणहून उठायचं नाही. मागून पाठीवर हात पडला, खो ऐकू आला, की मगच.’ मी विचारतो, पहिल्यानेच का नाही पकडायचं? ‘अरे, पहिल्याने पकडायचं नसतंच. त्याने कोंडीत आणायचं. बाद करतो तो दुसरा.’

दुसऱ्या दिवशी पार्कमध्ये सगळ्या काका-काकूंसमोर तू माझा खो रद्द केलास. मी घाईत आधी ओरडलो होतो, हात नंतर लागला. ‘इट्स जस्ट अ पिकनिक, आई!’

‘मग जा, चिप्स खात बस. इथे खेळायचं तर हात लागल्याशिवाय तोंड उघडायचं नाही.’

पंजाबी ड्रेसखाली तू बाबांचे स्पोर्ट्स शूज घातले होतेस. मला इतका राग आला होता, की घरी येईपर्यंत गाडीत खिडकीकडे तोंड करून बसलो.

तेच मी मुलांना शिकवलं. पहिल्याने बॉलकडे बघायचंच नाही. पळणाऱ्याला दोन्ही हातांनी आवळायचं, मिठी पक्की बसली की ओरडायचं, खो! ते ऐकून दुसऱ्याने यायचं आणि बॉलवर बुक्की मारायची. आधी पोरं हसली. मग एका मॅचला बॉल पडला, पुढच्या मॅचला पुन्हा पडला, आणि मग ती कॅफेटेरियाच्या रांगेतसुद्धा एकमेकांच्या पाठीवर थाप मारून खो म्हणायला लागली. मोठे कोच खूश होते. मी तर हवेतच होतो.

गेल्या शुक्रवारी मॅच आमच्या हातात होती, थोडाच वेळ उरला होता. आमच्या सगळ्यात गुणी मुलाने पळणाऱ्याला गाठलं आणि हात पोचायच्या आधीच तो ओरडला. दुसरा शिकवल्याप्रमाणे थेट बॉलवर गेला. पळणाऱ्याला कुणीच धरलेलं नव्हतं. तो दोघांच्या मधून जो निघाला, तो शेवटच्या रेषेपलीकडेच थांबला. मी रेषेबाहेर उभा होतो. तिथून फक्त बघता येतं गं, दुसरं काही करता येत नाही. मॅच गेली. पोरगा बाकावर बसून रडत होता. ‘आय थॉट आय हॅड हिम, कोच. आय स्वेअर, आय थॉट आय हॅड हिम.’ मी त्याच्या पाठीवर हात ठेवून नुसता उभा राहिलो.

आज सकाळी मोठ्या कोचनी बोलावलं. ‘आय लाइक द आयडिया, मॅन. बट द शाउटिंग स्टॉप्स टुडे.’ त्यांचं काही चुकलं नाही. पुढच्या वर्षाचं विचारलं, तर खिडकीबाहेर बघत म्हणाले, ‘लेट्स फिनिश द सीझन.’ काय समजायचं ते मी समजलो.

तुझ्या शेवटच्या दिवसांत हॉस्पिटलच्या खुर्चीत मी असाच नुसता बघत बसून असायचो. डॉक्टर यायचे, नर्स यायच्या, प्रत्येकाला काहीतरी काम होतं. मला नव्हतं. एकदा तू डोळे उघडून म्हणालीस, ‘असा काय बसलायस, उठायच्या तयारीत?’ बघतो तर खरंच तसा बसलो होतो, एक गुडघा पुढे, मागची टाच उचललेली. कुणीतरी पाठीवर हात टाकेल, ऊठ म्हणेल, मग मी धावेन आणि काहीतरी होईल, असं वाटत असावं. कुणी आलं नाही.

हे पत्र कुठे पाठवायचं नाहीच, तेव्हा एक सांगून टाकतो. एकही बॉल मिळाला नसता, तरी मी ती हाक चालू ठेवली असती. तुझा आवाज मला आता आठवत नाही, आई. तू काय म्हणालीस ते शब्दन् शब्द आठवतं, पण आवाज येत नाही. जुन्या फोनमध्ये होता, तो त्या फोनबरोबर गेला. पण रोज दुपारी मैदानभर पोरं तुझा शब्द ओरडायची, तेव्हा मी त्यांच्याकडे पाठ करून उभा राहायचो, म्हणजे खो मागून यायचा. आज ती गप्प होती. तरी मी बराच वेळ तसाच पाठ करून उभा होतो.