जिन्याच्या वळणावरचं दार

नोला, एप्रिलचा पहिला दिवस

ती. थालुसाताईस,
धाकट्या दामासचा सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला म्हणून तिकडे कपुआत शिव्या घालत असशील. घाल. गावाबाहेर ग्लॅडिएटरांच्या झुंजींसाठी आखाडा उभा राहतोय आणि मला चुन्याशिवाय दुसरं काही सुचत नाही. पुतेओलीची ज्वालामुखीची राख चुन्यात कालवली की कमान दगडासारखी होते, पण तिला घाई खपत नाही, आणि गावच्या कारभाऱ्यांना घाईशिवाय काही येत नाही.

खरी बातमी पुढेच आहे. समोरच्या बैठकीची एक फाक, खालपासून वरपर्यंतच्या पायऱ्यांची, मी स्वखर्चानं बांधतोय. दगडावर नाव मात्र माझ्या लेकाचं, आपल्या केलेरचं. तू नि मी बाजारात विकले गेलेलो. मालकानं सोडलं तरी डाग काही जात नाही, मला नगरसभेत कोण घेणार? पण पोरगा स्वतंत्र जन्मला. या दगडांपायी त्याला सभेत घेताहेत. आखाड्यात तो पहिल्या रांगेत बसेल.

मी बसणार वर, आपल्यासारख्या सुटलेल्यांत. ज्याचं त्याचं दार वेगळं, बोळ वेगळा, जिना वेगळा. सारं गाव आत येऊन बाहेर पडेल, पण वरच्याचा धक्का खालच्याला लागणार नाही. ही आखणी माझीच. हसू नकोस, पण त्यात एक लबाडी केलीय. आमच्या जिन्याच्या वळणावर एक लहान दार ठेवलंय, ते पुढच्या रांगेमागच्या बोळात उतरतं. विचारलं तर मजुरांसाठी म्हणून सांगतो. लेकाशेजारी घटकाभर टेकावं, एवढीच हौस.

माया आहेच, ती आटू देऊ नकोस.
दामास

कपुआ, एप्रिलचा मध्य

चि. दामास यास अ. उ. आ.

पत्र शेजाऱ्याकडून वाचून घेतलं. म्हातारपणी चोरवाटा काढायला लागलास, शाबास! दुसऱ्यांसाठी एवढ्या भिंती घातल्यास आणि स्वतःपुरतं भोक ठेवलंस.

पण बाबा रे, केलेरला विचारलंस का? हिवाळ्यात तो इथं आला होता. घरात चारचौघं असली की मला आत्या म्हणायचं टाळत होता. मला वाटलं, आपलाच भास. तुझ्या आनंदात विरजण नको म्हणून बोलले नाही. आता राहवत नाही.

खोकला सांभाळ. जीव लावतोस तसा लावून घ्यायलाही शिक.
थालुसा

नोला, जूनची दहावी

ती. बाबांस,
केलेरचा शि. सा. न.

घरी येऊनच बोलणार होतो, पण सभेच्या कामातून सवड होत नाही. खेळ उत्तम पार पडले. कमानींची सगळ्यांनी तारीफ केली.

पहिल्या दिवशी आपण भाजलेल्या हरभऱ्यांची पुडी घेऊन खाली आलात, त्यामागचं प्रेम मला समजतं. पण शेजारच्या सभासदांनी हे कोण म्हणून विचारलं. इथले बांधकामवाले, असं मी सांगितलं. ते काही खोटं नव्हे. वरच्यांनी खालच्या राखीव रांगांत उतरू नये हा कायदा आहे, आणि तो पाळायला लावणं आता माझं काम आहे. तरी ते दार बुजवावं, ही विनंती. तिथं कधी दार होतं असं वाटू नये. आपल्या हाताशिवाय इतकं सफाईदार काम होणार नाही.

कृपा आहेच, तीत अंतर पडू नये.
केलेर

नोला, जूनची पंधरावी

नगरसभेचे सन्माननीय सभासद केलेर यांस,
बांधकामवाला दामास याचा नमस्कार.

दार बुजवलं. मजूर लावला नाही. विटा मीच रचल्या, गिलावा मीच घोटला. हात फिरवून पाहिलास तरी जागा सापडायची नाही. मला राग आलाय आणि तो मी लपवणार नाही. तुझी आई असती तर तिनं तुला दारात उभं केलं नसतं.

एक गोष्ट विटा रचताना लक्षात आली. वरच्यानं खाली उतरू नये असा कायदा आहे. खालच्यानं वर चढू नये, असं त्यात कुठं म्हटलेलं नाही. आणि ते दार दोन्हीकडून उघडत होतं. त्या दिवसानंतर मी खाली आलो नाही. खेळ संपेपर्यंत वरच बसून होतो, शेजारची जागा धरून. आखाड्यात कोण जिंकलं, कोण मेलं, मला विचारू नकोस. मी जिन्याकडे बघत होतो.

शेवटी लोभ असावा असं लिहायची रीत आहे. मी लिहीत नाही.
दामास